तुपाची पहिली धार

घमापुर, जबलपूर
११ जुलै २०२४

ती. ताईस नमस्कार.

फोन करणार होतो. पण तू कानाचं यंत्र डबीत ठेवून देतेस, मग मला ओरडून बोलावं लागतं, आणि ते तुझ्याआधी लतिकाला ऐकू जातं. ही गोष्ट तिला सध्या ऐकू जाऊ नये. म्हणून पत्र.

आमच्या रेवातीर मराठी मंडळाचा मी अठरा वर्षं अध्यक्ष आहे, हे तुला सांगायला नको. गेल्या सर्वसाधारण सभेत त्या हेमचंद्राने नियमावलीत दुरुस्ती आणली. (रेल्वेतला. निवृत्त झाला, पण दुसऱ्याची गाडी थांबवायची सवय गेली नाही.) दुरुस्ती अशी की लागोपाठ दोनदा निवडून आलेल्याने तिसऱ्यांदा उभं राहायचं नाही. मी त्या वेळी प्रमुख पाहुण्यांना मोटारीपर्यंत सोडायला गेलो होतो. परत येईपर्यंत ठराव मंजूर.

पण त्यांनी एक दार उघडं ठेवलं आहे. अध्यक्षाने मधेच राजीनामा दिला तर उरलेल्या मुदतीसाठी कार्यकारिणी कुणालाही नेमू शकते. नेमणूक म्हणजे निवडणूक नव्हे. तेव्हा बेत असा: ऑगस्टमध्ये लतिका उभी राहील, माझ्या नावावर निवडून येईल, डिसेंबरात वर्धापनदिनाला व्यासपीठावरून राजीनामा देईल आणि कार्यकारिणी मला नेमील. कार्यकारिणीतली माणसं आपलीच आहेत. भरताने पादुका ठेवल्या होत्या. मी पत्नी ठेवतो आहे.

अडचण एकच. लतिका नाही म्हणते. म्हणते, "तुमच्या अध्यक्षपदाचं निम्मं काम मी करतेच आहे, आणखी कशाला?" बायका मोघम बोलतात. तू तिला दोन ओळी लिही. तुझं ती ऐकते.

तुझा
नीलकंठ

•

नागपूर
१९ जुलै २०२४

लतिका,

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. ते तुला ऐकू जाऊ नये असं त्याने लिहिलं आहे. मी कुठे ओरडून राहिली? मी लिहून राहिली आहे.

चार महिने तुला खुर्चीवर ठेवायचं, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसं, आणि डिसेंबरात उचलायचं, असा त्याचा बेत आहे. तू नाही म्हणालीस असं कळलं. काहून? राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालीस. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंस. मुलींना मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते दाखवलंस आणि स्वतःचं नाव त्या कागदावर कधी पाहिलं नाहीस. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा माझ्या शाळेतल्या बाईने असं केलं असतं तर मी तिच्याकडे कारण लेखी मागितलं असतं.

माझा भाऊ मला माहीत आहे. लहानपणी पतंग उडवताना चड्डी घसरली की तो मांजा माझ्या हातात द्यायचा. वर ओढून झाली की परत मागायचा. एकदा मी दिलाच नाही. सगळी दुपार तो माझ्यामागे फिरला, आणि पतंग फार छान उडाला.

हो म्हण. बाकीचं पुढे पाहू.

भानुताई

•

जबलपूर
२६ जुलै २०२४

भानुताई,

नमस्कार. खुशाली वगळते. ती तुम्ही वाचत नाही हे तुम्हीच एकदा सांगितलंत.

हो म्हणाले. पण तुमच्या पत्रामुळे नव्हे. बासुंदीमुळे.

मंडळाच्या वर्धापनदिनाचं जेवण तुम्ही एकदा पाहिलं आहे. त्याला बरीच वर्षं झाली, पण पद्धत तीच आहे. पहिल्या पंगतीला पुरुष आणि पाहुणे, मध्यभागी अध्यक्ष. दुसरीला उरलेले पुरुष, मुलं, आणि पहिलीत बसूनही ज्यांचं समाधान झालं नाही ते. तिसरीला आम्ही, सगळ्यांना वाढून झाल्यावर. पहिल्या पंगतीची पानं पूर्ण वाढली तरी भाताला कुणी हात लावत नाही, कारण वरणभातावर तुपाची पहिली धार अध्यक्षांच्या पत्नीने धरायची. संस्थापक बापूसाहेबांपासूनची रीत. अध्यक्षीणबाई चांदीची तामली घेऊन सगळ्या पानांवरून फिरल्या की मग श्लोक आणि मग पहिला घास. अठरा वर्षं ती तामली माझ्या हातात आहे. गेल्या वर्षी एका पानाशी वाकले ती उठताच येईना. अच्युतरावांच्या खांद्यावर हात टेकला. त्यांना वाटलं मी आग्रह करते आहे. त्यांनी दोन पुऱ्या जास्त घेतल्या.

तर त्या दिवशी तिसऱ्या पंगतीला माझ्या शेजारी सुमेधाकाकू होत्या. वय ऐंशीच्या पुढे, मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सभासद. बासुंदीचं पातेलं आमच्यापर्यंत आलं तेव्हा तळ खरवडावा लागला. काकूंच्या वाटीत करपलेल्या खपल्या पडल्या. त्यांनी त्या पुरीला लावल्या आणि म्हणाल्या, "छान खरपूस लागते गं." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

चार महिन्यांत मला एवढंच करायचं आहे. पहिल्या पंगतीला बायका. त्यानंतर खुर्ची ज्यांची त्यांना.

लतिका

ता. क. प्रचारपत्रक ह्यांनी स्वतः लिहिलं. त्यात माझं नाव शेवटच्या ओळीत आहे, बाकीच्या ओळींत त्यांचं. मी शुद्धलेखन तपासून परत दिलं.

•

जबलपूर
१३ ऑगस्ट २०२४

ती. ताईस नमस्कार.

जिंकलो. हेमचंद्राला त्याची, त्याच्या व्याह्यांची आणि फार तर ज्यांना चष्मा बदलायचा आहे त्यांची मतं पडली. लतिकाला पडली तेवढी मला अठरा वर्षांत कधी पडली नव्हती. अर्थ उघड आहे: माझी लोकप्रियता वाढत होती आणि मलाच कल्पना नव्हती.

बाकी थोडं विचित्र चाललं आहे. पहिल्या बैठकीला मी सवयीने मधल्या खुर्चीत बसलो. ती आली आणि समोर उभी राहिली. उशिरा आलेल्या मुलाकडे पाहतात तशी पाहत राहिली. मी उठलो. मग तिने चिटणिसाला सांगून माझ्या नावापुढे 'निमंत्रित, मताधिकार नाही' असं लिहवून घेतलं. चिटणीस ती प्रणोती, बँकेतली पोरगी, मराठी समजते पण बोलताना निम्मी हिंदीत जाते. मी एका विषयावर मार्गदर्शन करू लागलो तर म्हणाली, "अंकलजी, पहले हात वर करा ना. मॅडमचं रूलिंग आहे."

घरी आल्यावर लतिकाला विचारलं, हा काय प्रकार. म्हणाली, "घरी हात वर करायची गरज नाही."

असो. पादुका नव्या असल्या की थोड्या कुरकुरतात. डिसेंबर लांब नाही.

नीलकंठ

•

नागपूर
२० ऑगस्ट २०२४

चि. नीलकंठ,

अभिनंदन. तिचं. तुझी लोकप्रियता तिच्या नावावर एवढी वाढली आहे तर आता तिकडेच राहू दे, हलवाहलवीत कमी व्हायची.

हात वर करत जा. या वयात खांद्याला बरं असतं.

ताई

•

जबलपूर
६ ऑक्टोबर २०२४

भानुताई,

ठराव मंजूर झाला. वर्धापनदिनाला पहिल्या पंगतीत बायका बसतील आणि पुरुष वाढतील.

सहज झाला नाही. अच्युतराव म्हणाले, "वहिनी, आम्ही काहून बसायचं नाही पहिल्या पंगतीला?"

मी म्हटलं, "बसा की. बायकांना वाढून झालं की."

"पण वाढणार कोण?"

"आत्ता ठरावाच्या विरोधात तुम्ही हात वर केले होते. तेच हात."

मग हेमचंद्र उठले. ते ह्यांच्या विरोधात काही सापडतं का ते पाहायला बैठकीला येतात, आणि त्या दिवशी त्यांना सापडलं. म्हणाले, "तुपाचं काय? रीत मोडू नये. पहिली धार अध्यक्षांच्या घरची. आता अध्यक्ष वहिनी. मग अध्यक्षांच्या घरी दुसरं कोण असतं?"

सगळ्यांनी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बोलायला हात वर केला. प्रणोतीने तो संमतीचा समजून लिहून टाकला. तिची चूक झाली. मी ती दुरुस्त केली नाही.

दर रविवारी ओमती नाल्याच्या मागच्या आमच्या सभागृहात तालीम घेते. सगळे फॅक्टरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर हजारो सुटे भाग जिथल्या तिथे बसवले, पण लिंबाची फोड पानात कुठे बसते ते कळत नाही. राजश्रीचे यजमान कोशिंबीर उजवीकडे वाढतात आणि रागावलं की म्हणतात, माझ्या बाजूने ती डावीकडेच आहे. शेवटी चंद्रशेखर म्हणाले, "दीदी, आप इसका ड्रॉइंग बना दीजिए." मी फळ्यावर पान काढलं, मीठ वर मध्ये, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आणि बाण दाखवले. ताबडतोब समजलं. एकाने तर चटणी आणि कोशिंबीर यांच्यात किती अंतर चालेल ते विचारलं. हे मात्र तालमीला येत नाहीत. त्या वेळी त्यांना फिरायला जायचं असतं.

राजीनाम्याचं त्यांनी काल विचारलं. "तू शब्द दिला होतास," म्हणाले. मी शब्द दिला नव्हता, मान हलवली होती. लग्न झाल्यापासून हलवते आहे, त्यातल्या कुठल्या हलवण्याचा काय अर्थ होता ते त्यांनी कधी विचारलेलं नाही.

खुर्ची ज्यांची त्यांना, असं मी तुम्हाला मात्र लिहून दिलं आहे, ते मला आठवतं. ते पत्र फाडून टाकावं. मी गेले तर हा ठराव पुढच्या डिसेंबरापर्यंत टिकणार नाही, अच्युतरावांनी आत्ताच मला सांगून ठेवलं आहे की "एक वर्ष गंमत म्हणून ठीक." मी गंमत म्हणून काही करत नाही.

लतिका

•

जबलपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

आता तुझ्याशिवाय मार्ग नाही. लतिकाला राजीनाम्याचं विचारलं की ती बागेला पाणी घालायला जाते. बाग म्हणजे दोन कुंड्या. त्यातली एक कुजली.

वर्धापनदिन पंधरा डिसेंबरला, रविवारी आहे. माजी अध्यक्ष म्हणून मला दोन शब्द बोलायचे आहेत. ते बोलून झाले की मी माईकवर सांगणार की सौ. आता एक महत्त्वाची घोषणा करतील. भरल्या सभेत ती नाही म्हणायची नाही, तिला तमाशा आवडत नाही. घोषणा जेवणाच्या आधी झाली की मी अध्यक्ष, ती अध्यक्षीण, आणि तामली आपोआप तिच्या हातात. तू ये आणि आदल्या दिवशी तिला बसवून नीट समजाव. हे जमलंच नाही तर त्या दिवशी माझी कंबर धरेल. अजून धरलेली नाही, पण कल्पना असावी.

ताई, तू हसत असशील. मी फॅक्टरीतून निवृत्त झालो त्या दिवशी हार घालून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरायचा नव्हता. कपडे करून दारात उभा राहिलो आणि कुठे जायचं ते कळेना. तेव्हा मंडळात गेलो. अजून तिथेच जातो. सगळ्या गावासमोर तामली घेऊन वाकलो की मी कोण ते एकदाचं ठरून जाईल. मग मला कुणी नेमणार नाही.

येच.

नीलकंठ

•

नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. नीलकंठ,

येते. लतिकाशी बोलते. कमरेला जप.

ताई

•

नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

लतिका,

नीलकंठला येते म्हणून कळवलं आहे. येणार नाही. आले तर कुणाची तरी बाजू घ्यावी लागेल, आणि पहिल्या पंगतीत फुकट जेवून तसं करणं मला बरं वाटत नाही. आयत्या वेळी माझा गुडघा दुखेल.

आता ऐक. भाषण संपलं की तो माईकवर सांगेल की तू घोषणा करणार आहेस. ते फसलं तर त्याची कंबर धरेल. तो लबाडी करतो पण मनात खोट नाही. त्याला भीती वाटते. खुर्ची गेली की आपण उरत नाही असं त्याला वाटून राहिलं आहे. तेवढं लक्षात ठेव आणि मग तुला करायचं ते कर.

लहानपणी गणिताच्या पेपराच्या दिवशी त्याचं पोट दुखायचं. आई ओवाबिवा काही देत नसे. नुसतं म्हणायची, "राहू दे, झोप. मग यंदा समोरच्यांचा मुलगा पहिला येईल." हा दप्तर घेऊन तिच्याआधी दारात.

भानुताई

•

जबलपूर
१७ डिसेंबर २०२४

भानुताई,

तुमचा गुडघा ठरल्या वेळी दुखला, त्याबद्दल आभार.

पंगत झाली. क्रमाने सांगते.

ह्यांचं भाषण झालं. मग तुम्ही कळवलं होतं तसं ते म्हणाले, "आता अध्यक्षा एक महत्त्वाची घोषणा करतील," आणि माईक माझ्याकडे देऊन बाजूला हात बांधून उभे राहिले. मी उठले. म्हटलं, "घोषणा अशी आहे की भात गरम आहे. बायकांनी बसून घ्यावं." आणि मी जाऊन पंगतीत मधल्या पाटावर बसले. सुमेधाकाकू माझ्या शेजारी.

पुरुषांनी वाढलं. मीठ जिथे दाखवलं होतं तिथेच पडलं. चंद्रशेखर मागून प्रत्येक पान तपासत होते, एक लिंबू त्यांनी बोटभर सरकवलं. भाताच्या मुदी आल्या, वरण आलं. मग सगळं थांबलं. कुणी हात लावेना.

आतल्या कोठीतून प्रणोती आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, अंकलजी खुर्चीत बसून राहिले. बोलतात कंबर पकडली. बोलतात, तूप तुम्हीच घाला, हर साल जैसे." तिचं कानाशी बोलणं तिसऱ्या पानापर्यंत ऐकू जातं. पंगतभर कळलं.

भात निवत होता. आता मी उठले असते तर पुन्हा कधी बसले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी जमिनीला हात टेकला होता. सवय फार वाईट. सुमेधाकाकूंनी त्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बस."

मी बसले. मग शाळेतल्या आवाजात म्हटलं, "कंबर दुखत असेल तर त्यांना पडू द्या. हेमचंद्रजी, तूप तुम्ही घ्या."

हेमचंद्र त्याचीच वाट पाहत असावेत. त्यांनी बाह्या आधीच सरसावल्या होत्या. तामलीला त्यांचा हात लागतो न लागतो तोच कोठीचं दार उघडलं.

"ठेवा ती खाली," हे म्हणाले. "ती आमच्या घरची आहे."

"आणि कंबर?" हेमचंद्रांनी विचारलं.

"आली जागेवर."

पहिलं पान माझं. ते वाकले. धार धरली आणि धरूनच राहिले, किती ते त्यांना कळेना. मुदीचं बेट झालं. पित्ताशयाच्या ऑपरेशनपासून मला तूप चालत नाही. मी खाल्लं. अध्यक्षपद म्हटलं की काही सोसावं लागतं. श्लोक मी म्हटला, पहिला घास मी घेतला. मग सगळे जेवायला लागले. इतकं साधं होतं ते.

आता एक गोष्ट फक्त तुमच्यापाशी. बासुंदी आली. दाट, वर चारोळ्या, पातेल्याच्या अगदी वरची. मी स्वतः सुमेधाकाकूंची वाटी पुढे केली. त्यांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चांगली आहे गं. पण तळाची उरेल तेव्हा मला दे. मला खरपूसच आवडते."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या खरंच म्हणत होत्या.

ठराव मागे घेतला जाणार नाही.

लतिका

•

जबलपूर
१८ डिसेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

तू आली नाहीस. गुडघ्याला कमरेपेक्षा जास्त अक्कल असते असं दिसतं.

झालं ते लतिकाने कळवलं असेलच. मी तामली उचलली ती केवळ हेमचंद्राने उचलू नये म्हणून. ती तामली आपल्या घरची आहे, सराफ्यातून मी स्वतः उजळून आणतो. माझी बायको अध्यक्ष असताना तिच्या पानावर तो माणूस तूप वाढणार? हे वाक्य माझ्या मनात आलं आणि मग लक्षात आलं की मी 'माझी बायको अध्यक्ष असताना' असं म्हणालो. असो.

पण ताई, खरी गोष्ट पुढेच आहे. अठरा वर्षं मी मध्यभागी बसलो. डावीकडच्याशी बोललो, उजवीकडच्याशी बोललो, जेवलो, उठलो. रविवारी तामली घेऊन फिरलो तर प्रत्येक पानाशी थांबावं लागलं आणि प्रत्येक बाई वर तोंड करून माझ्याकडे पाहत होती. "भाऊजी, अजून थोडं." "नीलकंठजी, बस बस, डॉक्टरने मना किया है." चंद्रशेखरच्या बायकोचा मोतीबिंदू, राजश्रीच्या सुनेची बदली, पलीकडच्या नर्मदाबाईंचा भाडेकरूशी वाद, सगळं एका फेरीत कळलं. एवढं मला सहा कार्यकारिण्यांमध्ये कळलं नव्हतं. लतिकाला तूप चालत नाही हेही नर्मदाबाईंनीच सांगितलं. ओतून झाल्यावर.

तेव्हा मला उमगलं. ती मतं माझ्या नावावर पडली नव्हती. तुपावर पडली होती. अठरा वर्षं ती माझ्या डोळ्यांदेखत पानोपानी प्रचार करत होती आणि मी मठ्ठा पीत बसलो होतो.

म्हणून आता नवा बेत. राजीनाम्याचा विषय मी काढणार नाही. तिला तीन वर्षं पुरी करू दे. संक्रांत, रामनवमी, गणपती, कोजागिरी, जिथे जिथे अध्यक्षांच्या घरच्याने पुढे व्हायचं तिथे मी. एक पान सोडणार नाही. तीन वर्षांनी नियमही माझ्या आड येत नाही. मग बघ. लतिकाला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटतं आहे ती जिंकली.

नीलकंठ

•

नागपूर
२६ डिसेंबर २०२४

लतिका,

सोबत नीलकंठचं पत्र आहे. तुला कळू देऊ नको असं त्याने लिहिलं आहे, म्हणून मी तोंडाने काही सांगत नाही.

वाचून परत पाठव. त्याच्या हातचं मला जपून ठेवायला आवडतं.

भानुताई

•

जबलपूर
४ जानेवारी २०२५

भानुताई,

पत्र परत पाठवत आहे. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलने दुरुस्त केल्या आहेत.

बेत चांगला आहे. त्यांना कामाला लागलेलं पाहून बरं वाटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दारात अध्यक्षांच्या घरच्याने गुलाबपाणी शिंपडायचं असतं. परवा ते आपण होऊन माझ्याकडे आले आणि गुलाबदाणी कुठे ठेवली ते विचारलं. मी सांगितलं. मग ते अंगणात जाऊन त्या उरलेल्या कुंडीवर शिंपडून पाहत होते. पहिल्या दिवशी सगळं पाणी एकाच पानावर पडलं. आज जरा बरं जमलं. सकाळी कपडे करून दारात उभे राहतात तेव्हा कुठे जायचं ते आता त्यांना माहीत असतं, माझ्याकडून यादी घेऊन जातात.

कालच जेवताना त्यांनी माझ्या भातावर तूप वाढलं नाही. मी काही बोलले नव्हते.

पण बेतात एक चूक आहे, ती मी त्यांना सांगणार नाही. वाढणाऱ्याला मतं पडतात असं त्यांना वाटतं. मी अठरा वर्षं वाढलं. मला खुर्चीत बसवावं असं त्या काळात एकालाही सुचलं नाही, सुमेधाकाकूंनाही नाही. पानावर बसलेला माणूस वर पाहतो तो वाढणाऱ्याचं तोंड पाहायला नव्हे, धार कधी थांबते ते पाहायला. माझं नाव पहिल्यांदा सुचलं ते एकाच माणसाला. तेव्हाच्या अध्यक्षांना. आणि तेही त्यांना अडचण आली म्हणून.

तीन वर्षांनी त्यांचं नावही अध्यक्षांनाच सुचावं लागेल. सध्या तरी मला काही अडचण नाही.

लतिका